आपल्या सर्दीचं बिल त्या पोरांच्या नावावर

पावसाळा सुरू झाला की आमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी हा मेसेज येतो : ‘घसा बसलाय. कुणाकडे अझी आहे का?’ अझी म्हणजे अझिथ्रोमायसिन ५००. तीन गोळ्यांची पट्टी. पाच मिनिटांत कुणीतरी लिहितं, ‘माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, घे.’ खाली दोन अंगठे, एक बदाम. विषय संपला.

तीन वर्षं तो ड्रॉवर माझा होता. पॅरासिटामॉल, ओआरएस, अझीच्या दोन पट्ट्या आणि कधीतरी उरलेल्या सिफिक्झिमच्या चार गोळ्या. टीममध्ये मला ‘डॉक्टर’ म्हणायचे आणि मला ते आवडायचं. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन पोटासाठी जावा लिहिणारा मी, लोकांना अँटिबायोटिक वाटत होतो.

हा लेख त्या ड्रॉवरच्या विरोधात आहे. म्हणजे माझ्या विरोधात आहे, आणि तुमच्याही. आपण सर्दी-खोकल्याला खाल्लेल्या गोळ्यांचं बिल शेवटी कॅन्सरच्या वॉर्डातल्या पोरांच्या नावावर फाडलं जातं. किडनी किंवा लिव्हर बदललेल्या माणसांच्या नावावर फाडलं जातं. मला हे दोन वर्षांपूर्वी कळलं, आणि ज्या पद्धतीने कळलं तशी वेळ कुणावर येऊ नये.

•

माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झाला होता. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. डॉक्टरांनी ताईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हा बरा होणारा कॅन्सर आहे, उपचार अर्धवट सोडू नका. मुंबईत पहिला टप्पा पार पडला. रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा झाल्या. दोन किमोंच्या मधल्या सुट्टीत ताई आणि दाजी त्याला घेऊन गावी आले. गाव तालुक्याचं.

एका रात्री साडेआठला ताईचा फोन आला. ‘अरे, याला ताप आहे. एकशे एक दाखवतोय.’ दाजी तोवर कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन आले होते. मेडिकलवाला ओळखीचा, भला माणूस. त्याने पोराची चौकशी केली, तापाचं औषध दिलं आणि सोबत सिफिक्झिमचं सिरप दिलं. ‘इन्फेक्शन वाढायला नको,’ म्हणाला. पैसेही घेतले नाहीत. ताईने मला विचारलं, ‘देऊ का रे?’ घरातला शिकलेला मी. मी म्हणालो, ‘दे. सकाळी बघू.’

त्यांच्या फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर चौथ्या ओळीत इंग्रजीत लिहिलेलं होतं की १००.४ किंवा त्याच्या वर ताप गेला तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा, घरी कुठलंही औषध देऊन वाट बघू नका. ताई मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकलेली. तोंडी कुणीतरी सांगितलंही होतं, पण त्या दिवशी तिला पंचवीस गोष्टी सांगितल्या होत्या. मला ते कार्ड वाचता आलं असतं. मी फोटो मागितला नाही.

पहाटे चारला पोराचे हातपाय गार पडले. हाक मारली तर डोळे उघडायचा आणि परत मिटायचा. सगळ्यात जवळचं मोठं हॉस्पिटल दीड तासावर. तिथे रक्त कल्चरला घेतलं, सलाइन लावलं, अँटिबायोटिक सुरू केलं. दुसऱ्या दिवशी अँब्युलन्समधून मुंबई. चौथ्या दिवशी कल्चरचा पूर्ण रिपोर्ट आला.

मी रोज टेस्ट रनचे रिपोर्ट बघतो. हाही तसाच दिसत होता. वर जंतूचं नाव, क्लेबसिएला न्यूमोनिए. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. एस म्हणजे औषध चालतं, आर म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही. सेफ्ट्रिॲक्झोन, आर. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, आर. अमिकॅसिन, आर. मेरोपेनेम, आर. शेवटी कोलिस्टिन, आणि त्याच्यापुढे आय. वॉर्डातल्या डॉक्टर मॅडमना मी विचारलं, ‘आय म्हणजे?’ त्या म्हणाल्या, ‘या औषधाला आता एस देतच नाहीत. जंतूवर चाललं तरी पेशंटला पुरेसं पडेल याची खात्री नसते. आणि किडनीवर लक्ष ठेवावं लागतं.’

एकोणीस दिवसांनी तो वॉर्डाबाहेर आला. किमो महिनाभर लांबली. त्याच आठवड्यात त्याच वॉर्डातली एक खाट रिकामी झाली होती. त्या मुलीचा कॅन्सर आटोक्यात होता. ती इन्फेक्शनने गेली.

•

इथे दोन वेगळ्या चुका आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. पहिली चूक वेळेची. ती आमची होती, त्यातही माझी. दुसरी चूक, त्या यादीत इतके आर कुठून आले, ही. ती आपल्या सगळ्यांची आहे.

आधी वेळेचं बघू. किमो कॅन्सरच्या पेशी मारते, तशी भराभर वाढणाऱ्या चांगल्या पेशीही मारते. त्यात रक्तातले न्यूट्रोफिल येतात. या पांढऱ्या पेशी म्हणजे जंतूंशी लढणारी पहिली फळी. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड हजारांच्या वर असतात. पाचशेच्या खाली गेल्या की धोका, आणि किमोनंतर कधीकधी त्या शून्याला टेकतात. बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये नवी मॅरो रुजेपर्यंतचे दोन-तीन आठवडे पेशंट जवळपास त्या शून्यावरच काढतो.

आपल्याला जखम झाली की ती लाल होते, सुजते, पू होतो. पू मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलचाच असतो. ज्याच्याकडे न्यूट्रोफिलच नाहीत, त्याला पू होत नाही, सूज धड दिसत नाही, न्यूमोनिया असूनही एक्स-रे जवळपास साफ दिसू शकतो. उरते एकच खूण, ताप. म्हणून अशा मुलाचा ताप म्हणजे इमर्जन्सी. जगभरची पद्धत अशी की हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात रक्त कल्चरला जायला हवं आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेत जायला हवा. कुठला जंतू आहे ते नंतर कळेल. त्याची वाट बघत बसलं तर काही तासांत मूल हातचं जाऊ शकतं.

आता लक्षात घ्या, पहिला डोस हा अंदाज असतो. रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येणार. तोवर डॉक्टर आपल्या भागात कुठले जंतू आढळतात आणि त्यांच्यावर काय चालतं, यावरून औषध निवडतात. तो अंदाज बरोबर निघण्याची शक्यता दरवर्षी कमी होत चालली आहे. आयसीएमआरने देशातल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या नमुन्यांवरून काढलेल्या अहवालांनुसार २०१६ मध्ये क्लेबसिएलाच्या १०० पैकी ६५ नमुन्यांवर इमिपेनेम चालत होतं. २०२१ मध्ये ४३ वर. ई. कोलायच्या बाबतीत हाच आकडा ८६ वरून ६४ वर आला. इमिपेनेम आणि मेरोपेनेम ही कार्बापेनेम गटातली, म्हणजे बाकीची थकली की काढायची औषधं. तीच पाच वर्षांत इतकी घसरली.

सहा वर्षांच्या पोराच्या शिरेत तासाभरात औषध जातं. डॉक्टर, नर्स, आई-बाप, सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. आणि तरी ते औषध नुसतं पाणी ठरतं. ‘जबाबदार वापर’ हा शब्द पोस्टरवर गुळगुळीत दिसतो, त्याच्या पोटात हे आहे.

•

‘पण मी अझी खाल्ली. मेरोपेनेम काही खाल्लं नाही. मग मेरोपेनेमचा आर माझ्या माथी कसा?’ हा प्रश्न मीही विचारला होता.

उत्तर असं. जंतूंकडे प्लास्मिड नावाचे डीएनएचे छोटे गोल तुकडे असतात, आणि ते एकमेकांना देता येतात. पेन ड्राइव्ह समजा. कार्बापेनेम फोडणारं एनडीएम-१ हे जनुक अशाच पेन ड्राइव्हवर फिरतं, आणि त्याच ड्राइव्हवर बहुतेकदा इतर औषधांना निकामी करणारी जनुकंही कॉपी केलेली असतात. त्यातल्या कुठल्याही एका औषधाचा मारा झाला की साधे जंतू मरतात आणि अख्खा ड्राइव्ह बाळगणारे उरतात. त्यांना मोकळं रान मिळतं. तुम्ही एका औषधाची गोळी खाता, आतमध्ये दहा औषधांचा प्रतिकार वाढतो.

वाढतो कुठे? आतड्यात. तुमच्या, माझ्या, ताईच्या. तुम्हाला त्याचा काही त्रास होत नाही. हात, पाणी, अन्न, संडास, हॉस्पिटलची खाट यांतून तो घरातल्या घरात आणि गावातल्या गावात पसरतो. किमोने मुलाच्या आतड्याचं अस्तर सोललं जातं आणि त्याच्याच पोटातले जंतू रक्तात उतरतात. भाच्याच्या रक्तातला क्लेबसिएला बहुधा असाच त्याच्या पोटातून आला. त्याच्या पोटात तो कुणाकडून आला, ते रिपोर्टवर लिहिलेलं नसतं. दिवाळीत माझ्या मांडीवर बसून त्याने माझ्याच ताटातला चिवडा खाल्ला होता, एवढं मला आठवतं.

एनडीएम म्हणजे ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’. २०१० मध्ये हे नाव जगभर गाजलं तेव्हा आपण मुख्यतः नावावर भांडलो. दिल्लीची बदनामी, मेडिकल टुरिझमविरुद्ध कट वगैरे. त्याच वर्षी मुंबईतल्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या पेशंटांमध्ये हा प्रतिकार सापडल्याचं भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात लिहिलं होतं. चेन्नईत कॅन्सरच्या पेशंटांची इन्फेक्शनं बघणारे डॉ. अब्दुल गफूर यांनीही तेव्हाच धोक्याची घंटा वाजवली, आणि २०१२ च्या ‘चेन्नई जाहीरनाम्या’त त्यांनी पुढाकार घेतला. ओरड पहिल्यांदा कॅन्सरच्या डॉक्टरांकडून यावी यात आश्चर्य नाही. औषध संपल्याचं पहिल्यांदा त्यांच्याच पेशंटला कळतं.

आणखी एक उदाहरण देतो. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. जोरदार किमो घेणाऱ्या ल्युकेमियाच्या मुलांना न्यूट्रोफिल कमी असतानाच्या दिवसांत लिव्होफ्लॉक्सासिन दिलं, तर रक्तातल्या जिवाणू संसर्गाचं प्रमाण ४३.४ टक्क्यांवरून २१.९ टक्क्यांवर आलं. साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. आपल्याकडे ई. कोलायवर या गटातली औषधं बहुतेक वेळा चालतच नाहीत. का? जुलाब झाले की आपण ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल मागतो म्हणूनही. ओफ्लॉक्सासिन हे लिव्होफ्लॉक्सासिनचं सख्खं भावंड. गोव्याच्या ट्रिपमध्ये बीचवरची भेळ बाधली म्हणून आपण जे चघळून टाकलं, ते कुणाचं तरी चिलखत होतं.

•

‘मग या मुलांना तरी इतकी अँटिबायोटिक्स का देता?’ असंही कुणी विचारेल. कारण जबाबदार वापर म्हणजे कमी वापर नव्हे. तो योग्य वेळी सुरू करणं आहे आणि योग्य वेळी थांबवणंही आहे.

आमच्याकडे ऑनकॉल असतो. रात्री दोनला सिस्टिम पडली की आधी जे हाताला लागेल ते करून ती उभी करायची. त्या वेळी कुणी कारणमीमांसा करत बसत नाही. पण सकाळी लॉग उघडून खरं कारण शोधायचं आणि रात्रीचा जुगाड काढून टाकायचा, हा नियम पाळला नाही तर सहा महिन्यांत सगळी सिस्टिम जुगाडांवर चालते. वॉर्डातही तेच आहे. पहिला डोस रात्रीचा जुगाड. तो हवाच. मग ४८ ते ७२ तासांनी डॉक्टरांनी थांबून बघायचं असतं. कल्चरमध्ये जंतू सापडला का? सापडला असेल तर नेमकं त्याच्यावर चालणारं, कमी पसाऱ्याचं औषध द्यायचं. ४८ तासांत कल्चर निगेटिव्ह आहे, २४ तास ताप नाही, मॅरो सावरायला लागली आहे, अशा वेळी अँटिबायोटिक बंद करायला मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. धोका कमी असलेल्या काही मुलांमध्ये तर मॅरोची वाट न बघता, ७२ तासांनी, नीट लक्ष ठेवून थांबवता येतं.

हे कागदावर सोपं आहे. वॉर्डात थांबवणं हे सुरू करण्यापेक्षा कितीतरी अवघड. मी स्वतः डॉक्टर मॅडमना म्हणालो होतो, ‘असू दे ना अजून आठवडाभर, कशाला रिस्क?’ सगळे नातेवाईक हेच म्हणतात. ‘स्ट्रॉंग द्या’, ‘हेवी द्या’, ‘पैशाचं बघू नका’. आणि पोराला काही झालं तर औषध थांबवणाऱ्या डॉक्टरवर हात उगारणारा नातेवाईकही आपल्याच समाजातला. मग कोण थांबवेल? दहा दिवस, चौदा दिवस, वर एक अँटिफंगल, वर एक टायकोप्लॅनिन ‘कव्हर’ म्हणून. प्रत्येक जादा दिवसाला त्या मुलाच्या पोटातले साधे जंतू साफ होतात आणि जागा अट्टल जंतू घेतात. पुढच्या किमोनंतर न्यूट्रोफिल परत शून्यावर येतील तेव्हा तेच रक्तात उतरतील. म्हणजे रिस्क टळलेली नसते, पुढच्या महिन्यावर ढकललेली असते.

मॅडमनी मला ओरडून गप्प बसवलं नाही. त्यांनी मला दोन कल्चरचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून दाखवले आणि म्हणाल्या, ‘हे औषध मला याच्यासाठी पुढच्या वर्षीही लागणार आहे. आज संपवू का?’ मग मी गप्प बसलो.

•

ट्रान्सप्लांटच्या पेशंटांची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण ड्रॉवर तोच. आमच्याच कंपनीत एक जण आहे, त्याला त्याच्या आईने किडनी दिली. आपलं शरीर परकी किडनी नाकारू नये म्हणून त्याला आयुष्यभर टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यायची आहेत. एकदा घसा दुखला. मेडिकलवाल्याने क्लॅरिथ्रोमायसिन दिलं. टॅक्रोलिमस ज्या यकृतातल्या एन्झाइममुळे शरीराबाहेर पडतं, त्या एन्झाइमला क्लॅरिथ्रोमायसिन अडवतं. टॅक्रोलिमसची पातळी रक्तात चढत गेली. जास्तीचं टॅक्रोलिमस किडनीलाच विषारी. आईची किडनी मुलाच्या पोटात घशाच्या गोळीने मरायला निघाली होती. क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं, ट्रान्सप्लांट टीमने वेळेत गोळी थांबवली, म्हणून निभावलं. उलट बाजूला टीबीचं रिफँपिसिन आहे. ते टॅक्रोलिमसची पातळी पाडतं आणि शरीर किडनी नाकारू शकतं.

या लोकांना अँटिबायोटिक नकोच, असं नाही. त्यांच्यातल्या अनेकांना न्यूमोसिस्टिस नावाच्या न्यूमोनियापासून वाचवायला महिनोन्महिने को-ट्रायमोक्साझोल ठरवून दिलं जातं. तो जबाबदार वापर आहे. पण किडनी बदलल्यावर महिना उलटून गेला, पेशंटला कसलाही त्रास नाही आणि लघवीच्या रिपोर्टमध्ये नुसते जंतू दिसले, तर औषध देऊ नये असं अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं. आपण रिपोर्टवर ठळक अक्षरात काही दिसलं की ते पुसून टाकल्याशिवाय झोपत नाही. माणसाऐवजी रिपोर्टवर उपचार करायची ही सवय मोडावी लागेल.

•

आता तुमचे आक्षेप.

‘हे डॉक्टरांनी बघावं, आम्ही काय करणार?’ गूगल उघडा आणि आपल्या भागातल्या डॉक्टरांचे रिव्ह्यू वाचा. ‘पाचशे रुपये घेतले आणि फक्त पॅरासिटामॉल दिलं.’ एक तारा. हा तारा आपण देतो. जो डॉक्टर सर्दीला अँटिबायोटिक देत नाही, म्हणजे जो आपलं काम नीट करतो, त्याला आपण धंद्यातून उठवतो आणि मग म्हणतो, डॉक्टर लिहून देतात.

‘कायदा नाही का?’ आहे. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. सेफिक्झिम, मेरोपेनेम अशी अनेक औषधं त्यात आहेत. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, विकली की पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं सांभाळायचं. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ते रजिस्टर बघायला मागा एकदा. ॲपवर तर त्याहून सोपं. गोळी कार्टमध्ये टाका, कुणीतरी डॉक्टर फोन करतो, दोन मिनिटांत चिठ्ठी तयार. यूएक्स उत्तम आहे. आमच्याच क्षेत्रातल्या पोरांनी बनवलाय.

‘खरे गुन्हेगार कोंबड्यांना अँटिबायोटिक घालणारे आणि नदीत रसायनं सोडणारे कारखाने.’ तेही आहेतच. हैदराबादजवळ पटानचेरूच्या सांडपाण्यात २००७ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनचं अफाट प्रमाण सापडलं होतं. प्राण्यांच्या खाद्यात कोलिस्टिन घालायला आपल्याकडे बंदी आली ती २०१९ मध्ये. त्यांच्याविरुद्ध लिहा, मी शेअर करतो. पण शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग दाखवून आपल्या हातातली काडी लपवता येत नाही.

‘खेड्यात डॉक्टरच नाही, तिथे मेडिकलवालाच देव.’ हा आक्षेप मी मान खाली घालून ऐकतो. आमच्या गावच्या मेडिकलवाल्याला मी शिवी देणार नाही. मजुरी बुडवून, दीड तास प्रवास करून डॉक्टरकडे जा, असं पोटावर जगणाऱ्याला सांगण्याचा मला अधिकार नाही. वेळेत अँटिबायोटिक न मिळाल्यामुळेही आपल्याकडे माणसं मरतात. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी नाहीच. ज्यांच्याकडे कंपनीचा इन्शुरन्स आहे, सिक लीव्ह आहे, व्हिडिओ कन्सल्टेशन फुकट आहे, आणि तरीही ज्यांना तीन दिवसांचा घसा सहन होत नाही, त्यांच्यासाठी आहे.

‘माझ्या एकट्याच्या तीन गोळ्यांनी काय होतं?’ २०१९ मध्ये भारताच्या खासगी बाजारात सगळ्यात जास्त खपलेलं अँटिबायोटिक कुठलं होतं माहितीये? अझिथ्रोमायसिन ५०० ची गोळी. ती अशा ‘एकट्यां’नीच खाल्ली. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणात एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन आणून अर्धवट घेतो, उरलेले जंतू औषधाला सरावतात आणि त्याच्या बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही, ती मरते. तिच्या मरणाला जबाबदार कोण, असं विचारून त्याने बोट नवऱ्याकडे दाखवलं. त्यालाही आता ऐंशी वर्षं होत आली.

‘नवी औषधं येतील की.’ येतात, गोगलगायीच्या वेगाने. आपल्या मातीत तयार झालेलं नॅफिथ्रोमायसिन २०२४ मध्ये जाहीर झालं. त्यामागे सुमारे चौदा वर्षांचं काम होतं. जंतूंना इतका वेळ लागत नाही.

•

मागणी काय, ते सरळ सांगतो.

हॉस्पिटलांनी आपल्या वेबसाइटवर संगमरवरी लॉबीच्या फोटोशेजारी आपल्याकडे कुठले जंतू सापडतात, कुठलं औषध किती टक्के चालतं आणि आपल्या वॉर्डांत किती पेशंटांना इन्फेक्शन होतं, हे दरवर्षी टाकावं. पोराला कुठे नेऊ हे ठरवताना आई-बापाला रोबोटिक सर्जरीपेक्षा ते आकडे जास्त उपयोगाचे आहेत. प्रत्येक जिल्ह्यात ब्लड कल्चरची सोय हवी, नाहीतर अंदाजावर औषध मारणं थांबणार नाही. किमो घेणाऱ्या मुलाचं डिस्चार्ज कार्ड मराठीत हवं, तापाची ओळ पहिली आणि मोठ्या अक्षरांत हवी. केरळने २०१८ मध्ये स्वतःचा अँटिबायोटिक आराखडा केला आणि पुढे चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या दुकानांवर धाडी टाकल्या. महाराष्ट्राला ते जमणार नाही असं काही नाही.

आणि आपण? सर्दी, खोकला, घसा, साधा फ्लू यांना बहुतेक वेळा विषाणू कारण असतो आणि विषाणूवर अँटिबायोटिक काडीचंही काम करत नाही. डॉक्टरला विचारा, ‘हे घेतलं नाही तर काय होईल?’ दिलं तर सांगितलं तसंच घ्या, उरलं तर वाटू नका. आपल्या घरात कुणी किमोवर असेल, कुणाचा ट्रान्सप्लांट झाला असेल, तर तापाला पट्टी शोधू नका, गाडी शोधा. हॉस्पिटलला फोन करत करत निघा.

भाचा आता पहिलीत आहे. अजून गोळ्या चालू आहेत. ताईच्या घरी फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे, तिच्याच अक्षरात : ‘ताप १००.४. लगेच निघायचं. कुणालाही विचारायचं नाही.’ ‘कुणालाही’खाली तिने दोन रेघा मारल्यात. त्या कुणासाठी आहेत हे तिने मला कधी सांगितलं नाही.

परवा ग्रुपवर परत मेसेज आला, ‘अझी आहे का कुणाकडे?’ मी लिहिलं, ‘नाही. मिठाच्या पाण्याने गुळण्या कर, झोप काढ. ताप तीन दिवसांत गेला नाही किंवा श्वास लागला तर डॉक्टरकडे जा, मी घेऊन जातो.’ अंगठा आला नाही. बदामही नाही. ड्रॉवर मात्र रिकामा आहे.